जाळीचं दार लावून बोला

गळ्यातली चेन गेली, ढकलाढकलीत मनगट मोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. "मावशी, एकट्या राहता कशाला?" "या वयात सोनं घालायचं कशाला?" चोर राहिला बाजूला, जाब मलाच!

मी भाईंदर पूर्वेला राहते. भर दुपारी गॅसचं मीटर बघायला म्हणून एक तरुण आला, गळ्यात ओळखपत्र वगैरे. आत येताच त्याने चेनला हात घातला. मी ओरडले, शेजारची सून धावत आली, म्हणून मनगटावर निभावलं. चेनसाठी झटापट करू नका; ओरडा मात्र जरूर.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सगळे पेटले. डिलिव्हरीवाल्यांना गेटवर अडवा, बाहेरच्यांना हाकला, फाशी द्या. मला पुणं आठवलं. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावर ८८ वर्षांचे संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी आणि घरातले आणखी तिघे मारले गेले. मारेकरी कुठून परमुलखातून आले नव्हते, पुण्यातल्याच कला महाविद्यालयातली मुलं होती. १९८३ साली चौघे येरवड्यात फासावर गेले. तेव्हा भाषा आणि चेहरा बघून संशय घेण्यात अर्थ नाही. काम खरं आहे का, ते बघा. जाळीचं दार लावूनच बोला, इंटरकॉमवर वॉचमनला विचारा. मीटरवाले कधी येणार ते सेक्रेटरींनी फळ्यावर लिहावं. घरकाम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तक्रार नको, चौकीच्या फेऱ्या कोण मारणार?" पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठीपुढच्या साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. बाईमाणसाला तर कुठल्याच वयात नाही. पोलिसांनी घरी यायचं. हे बऱ्याच ज्येष्ठांना ठाऊकच नसतं आणि फेऱ्यांच्या धास्तीने ते गप्प बसतात. मी तक्रार दिली, जबाब माझ्या सोफ्यावर झाला.

ग्रुपवरचा संताप आठवड्यात ओसरला. शेजारची सून मात्र रोज सकाळी बेल वाजवते, "काकू, चहा झाला?" एवढंच विचारते. मला याचा आधार सीसीटीव्हीपेक्षा जास्त वाटतो. तुमच्या मजल्यावर कोणी म्हातारं एकटं असेल, तर उद्यापासून एवढं करा. आणि त्यांच्या फोनमध्ये ११२ व ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे नंबर तुम्हीच घालून द्या.