गिटार, डायरेक्ट बॉक्स व अर्थिंगची पिन

गिटारीचा विद्युत्संकेत लांब केबलीनें मिक्सरपर्यंत नेला असतां क्षीण होतो व त्यांत घरघर शिरते. ह्यास्तव मध्यें डायरेक्ट बॉक्स ठेवावा. तो संकेत समतोल करून पाठवितो. गिटार त्याच्या ‘इनपुट’ला, अ‍ॅम्प्लिफायर ‘थ्रू’ला व मिक्सर ३ पिनांच्या केबलीनें जोडावा. अ‍ॅम्प्लिफायरचें स्पीकरसाठीं असलेलें आउटपुट मिक्सरला कदापि जोडूं नये, मिक्सर बिघडेल.

घरघर उरल्यास बॉक्सवरील ‘ग्राउंड लिफ्ट’चें बटन वापरावें, परंतु अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगाची अर्थिंगची पिन कोणीं काढूं नये. यंत्रांत बिघाड झाल्यास वीज त्याच वाटेनें निघून जाते. ती वाट तोडली, तर गिटारीच्या तारांवाटे ती वादकाच्या देहांत शिरेल. घरघर सोसतां येते. गेलेला जीव परत येत नाहीं.