उंसाचें चिपाड, केळीचें खोड आणि मऊ कागद

कृष्णा, कोयना व वारणा यांच्या कांठीं, सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, उंसाची लागवड मोठी आहे. हात-तोंड पुसण्यासाठीं जो पातळ टिश्यू कागद हल्लीं विकला जातो, तो लांकडाऐवजीं शेतांतील तंतूंपासून किती चांगला होईल, व त्यांत शेतकऱ्याचें हित कोणतें, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम मऊपणा कशांत आहे तें समजून घेऊं. कागद म्हणजे पाण्यांत भिजवून एकमेकांत गुंतविलेल्या तंतूंची जाळी होय. लांब तंतूंनीं तिला बळकटी येते. आंखूड व बारीक तंतूंनीं तिचा पृष्ठभाग मऊ लागतो. वनस्पतींतील लिग्निन नांवाचें द्रव्य तंतूंना ताठ ठेवितें, म्हणून तें शिजवून काढावें लागतें. मात्र तंतु फाजील कुटले तर ते घट्ट चिकटून कागद कडक होतो. शेवटीं गिरणींत ओला कागद तापलेल्या मोठ्या रुळावर वाळवून पात्यानें खरवडतात. त्यानें बारीक चुण्या पडून तो फुगीर व मऊ होतो. म्हणजे मऊपणास तंतु आणि कृति हीं दोन्ही कारण आहेत.

चिपाडाचा तंतु सुमारें एक ते दीड मिलिमीटर लांब असतो. चिडाच्या लांकडाचा सुमारें तीन. म्हणून चिपाड मऊ कागदास योग्य आहे. परंतु त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा गाभ्याचा भुसा असतो. हा भुसा पाणी धरून ठेवितो व कागद दुबळा करितो. तो आधींच वेगळा काढणें अवश्य आहे.

एक टन उंसामागें २८० ते ३०० किलो ओलें चिपाड निघतें. त्यांत निम्में पाणी असतें. तें कारखान्याचें जळण असल्यामुळें फुकट मिळत नाहीं. तमिळनाडूंत करूरजवळ १९८४ सालीं चिपाडावर चालणारी कागदाची सरकारी गिरणी सुरू झाली, तेव्हां तिला साखर कारखान्यांस मोबदल्यांत दुसरें इंधन किंवा वाफ द्यावी लागली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊंसदर कायद्यांत साखरेबरोबर चिपाड व मळी यांच्या किंमतीचाहि हिशेब धरण्याची तरतूद आहे. तेव्हां कारखान्याच्या सभेंत चिपाडाचा भाव व विनियोग विचारणें हा सभासदाचा हक्कच आहे.

केळीच्या खोडाची गोष्ट निराळी. घड उतरल्यावर तें शेतकऱ्याजवळच राहतें. त्याचा तंतु लांब व चिवट असल्यानें आंखूड तंतूंत थोडा मिसळल्यास कागद ओला झाला तरी लवकर फाटत नाहीं. अंबाडीचाहि उपयोग असाच होतो. घायपाताचा तंतु बळकट पण राठ असतो. कडबा मात्र गुरांच्या तोंडचा काढूं नये. आणि पाचट जाळूं नये किंवा विकूंहि नये, तें सरींत आच्छादन म्हणून कुजूं द्यावें.

ज्यांस घरीं प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं एक किलो वाळलेले केळीचे तंतु इंचभर तुकडे करून, १५० ते २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या भरपूर पाण्यांत तीन-चार तास शिजवावे. नंतर स्वच्छ धुवून उखळांत बेतानें कुटावे व पुष्कळ पाण्यांत ढवळून मलमल ताणलेल्या चौकटीवर उचलावे. एक भाग थोडा व दुसरा पुष्कळ कुटून पाहिल्यास मऊ व कडक कागदांतील भेद हातास कळेल. सोड्याचें पाणी विहिरींत, ओढ्यांत वा नदींत सोडूं नये. पुण्यास १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तेथें चिंध्यांपासून होणारा कागद पाहण्यासारखा आहे.

सारांश, जमिनीचा व जनावरांचा वाटा आधीं काढून जें उरेल तेंच कागदास द्यावें, व तेंहि भाव ठरवूनच द्यावें.