इंग्रजी ‘रन’ आणि मराठी ‘चालणें’

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस लांबलचक शब्दांचें मोठें भय वाटतें. पांचसहा अवयवांचा एखादा शास्त्रीय शब्द धड्यांत आला कीं ते त्याखालीं रेघ ओढतात, कोशांत त्याचा अर्थ पाहतात व तो पाठ करितात. वस्तुतः असे शब्द स्वभावानें प्रामाणिक असतात. त्यांचा अर्थ बहुधा एकच असतो व तो एकदां कळला कीं पुन्हां दगा देत नाहीं. खरी फसगत होते ती लहान शब्दांकडून. ‘गो’, ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’ हीं क्रियापदें इंग्रजीच्या अगदीं पहिल्या पुस्तकांतच भेटतात. ओळख जुनी, म्हणून त्यांच्याकडे पुन्हां वळून कोणी पाहत नाहीं. आणि भाषांतराच्या प्रश्नांत गुण जातात ते पुष्कळदां यांच्याच पायीं.

प्रस्तुत लेखांत यांपैकीं ‘रन’ या एकाच क्रियापदाचा विचार करावयाचा आहे. त्याचा विस्तार केवढा आहे हें एका गोष्टीवरून ध्यानांत येईल. ऑक्सफर्ड येथील इंग्रजीच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढें ‘रन’ची नोंद नव्यानें तयार करण्यांत आली, तेव्हां २०११ सालीं तिच्या क्रियापदरूपाचे ६४५ अर्थ भरले. तीन अक्षरांचा शब्द, आणि त्याचे ६४५ अर्थ! ते सर्व पाठ करूं म्हणणारा थकून जाईल. सुदैवानें तशी आवश्यकता नाहीं. या अर्थांचीं कांहीं मोजकीं कुळें आहेत. कूळ ओळखलें कीं त्यांतील माणसें ओळखूं येतात, तसेंच येथें आहे.

प्रथम मूळ अर्थ पाहूं. ‘रन’चा संबंध केवळ पायांनीं धांवण्याशीं नाहीं. त्याचा जर्मन भाषेंतील सगोत्र शब्द ‘रिन्नेन’ हा असून त्याचा अर्थ ‘वाहणें’ असा आहे. म्हणजे मनुष्याचें धांवणें आणि पाण्याचें वाहणें हीं दोन्हीं या शब्दांत पहिल्यापासून एकत्र नांदत आहेत. अडथळ्यावांचून, सलग पुढें जाणें हा त्यांतील समान धागा होय. हा धागा हातीं धरला म्हणजे पुढील वाटा फारशा बिकट वाटत नाहींत.

आपल्या उपनगरांत ‘रन’ची रोजची ओळख होते ती आगगाडीमुळें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरून. आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून अंधेरीवरून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. या दोन्हीं प्रसंगीं इंग्रजींत ‘रन’ हें क्रियापद शोभेल. परंतु येथेंच दोन अर्थ वेगळे होतात. ‘द ट्रेन इज रनिंग’ म्हणजे गाडी या क्षणीं धांवत आहे. ‘द ट्रेन रन्स ऑन संडेज’ म्हणजे ती रविवारीं असते. हें दुसरें वाक्य गाडी यार्डांत स्वस्थ उभी असतांही खरेंच राहतें. कारण तें वेगाविषयीं नसून वेळापत्रकाविषयीं आहे. फलाटावरील घोषणेंत ‘गाडी उशिरानें धांवत आहे’ असें ऐकूं येतें, तें ‘रनिंग लेट’ याचें शब्दाला शब्द ठेवून केलेलें भाषांतर होय. गाडी धांवत आहे तर तिला उशीर कां, असा प्रश्न तिष्ठत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मनांत आल्यास नवल नाहीं. घरीं आपण ‘गाडीला उशीर आहे’ असेंच म्हणतों, व तेंच चांगलें मराठी आहे.

आतां दुसरें कूळ. इंग्रज मनुष्य दुकान ‘रन’ करितो, शाळा ‘रन’ करितो. त्याचें यंत्र ‘रन’ होतें, त्याचें नाटक शंभर रात्री ‘रन’ होतें. आपण काय म्हणतों? दुकान चालवितों, शाळा चालवितों. यंत्र चालतें, नाटक चालतें. थोडक्यांत, इंग्रज जेथें धांवतो तेथें मराठी मनुष्य बहुधा चालतो! क्रिया एकच; पण ती सुरळीत पुढें जात आहे हें दाखविण्यासाठीं एका भाषेनें धांवण्याचें चित्र पसंत केलें व दुसरीनें चालण्याचें. यांत कोणी मंद नाहीं व कोणी शीघ्र नाहीं. विद्यार्थ्यानें एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, ‘चालविणें’ हा शब्द दिसला कीं लगेच ‘वॉक’कडे धांव घेऊं नये, तेथें ‘रन’ उभा आहे कीं काय हें आधीं पाहावें.

तिसरें कूळ वाहण्याचें व पसरण्याचें. नदी, नळ, नाक व डोळे यांच्या बाबतींत इंग्रजींत ‘रन’ येतें. मराठींत पाणी वाहतें, नळ चालूं असतो, नाक वाहतें, डोळ्यांतून पाणी येतें. धुतांना कापडाचा रंग ‘रन’ होतो. आपण रंग जातो किंवा लागतो असें म्हणतों. जी वस्तु मुळींच हालत नाहीं तीही इंग्रजींत ‘रन’ करूं शकते. लालबहादूर शास्त्री मार्ग कुर्ला, घाटकोपर, भांडुप व मुलुंड यांवरून ठाण्याकडे ‘रन्स’. मराठींत तो ‘जातो’. रस्ता जागचा हालत नाहीं. त्यावरून आपली दृष्टि जाते, व त्या दृष्टीची गति दोन्हीं भाषांनीं रस्त्यासच देऊन टाकिली आहे.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. ‘रन’च्या शेजारीं एखादा लहानसा शब्द येऊन बसला कीं त्याचा अर्थ पार बदलतो. कांहीं उदाहरणें पाहा.

‘रन आउट ऑफ’: संपणें. घरांतील साखर संपली तर मराठींत कर्ता साखर असते. इंग्रजींत बहुधा घरचीं माणसें कर्ता होतात, ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर’. तोच ‘रन आउट’ क्रिकेटच्या मैदानावर गेला कीं ‘धांवबाद’ होतो.

‘रन इंटु’: मित्राला म्हणाल तर त्याची अकस्मात् गांठ पडते; भिंतीला म्हणाल तर तिच्यावर आदळतां; आणि कर्जाला म्हणाल तर कर्जबाजारी होतां. मराठींत कर्जांत मनुष्य धांवत नाहीं, बुडतो.

‘रन डाउन’: घड्याळाच्या बाबतींत किल्ली संपणें, शेजाऱ्याच्या बाबतींत त्याची निंदा करणें, प्रकृतीच्या बाबतींत शक्ति खालावणें.

‘रन ओव्हर’: येथें विशेष सावध असावें. शिक्षक धडा ‘रन ओव्हर’ करितात म्हणजे त्यावरून एकवार नजर फिरवितात. मोटार मुलाला ‘रन ओव्हर’ करिते म्हणजे तो चाकाखालीं सांपडतो. कर्म कोणतें हें न पाहतां अर्थ लावणारा विद्यार्थी एका निरुपद्रवी वाक्यांतून भयंकर अपघात घडवून आणील.

व्याकरणाची आवड असणाऱ्यांनीं आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानांत घ्यावा. ‘रन अप अ हिल’ आणि ‘रन अप अ बिल’ हीं दिसण्यांत सख्खीं भावंडें. पहिल्याचा अर्थ टेंकडी धांवत चढणें. दुसऱ्याचा, देणें वाढवून ठेवणें. पण ‘रन अ बिल अप’ असा क्रम चालतो, ‘रन अ हिल अप’ असा चालत नाहीं. कारण पहिल्या वाक्यांत ‘अप’चा संबंध टेंकडीशीं आहे, तो टेंकडीच्या आधींच यावयास पाहिजे, दुसऱ्यांत तो क्रियापदाशींच जडलेला आहे, म्हणून कर्म मध्यें आलें तरी त्यांची फारकत होत नाहीं. अर्थ वेगळा असला म्हणजे रचनाही वेगळी होते, याचें हें सुरेख उदाहरण आहे.

देशपरत्वेंही भेद पडतो. अमेरिकेंतील उमेदवार निवडणुकीसाठीं ‘रन’ करितो. इंग्लंडांतील ‘स्टँड’ करितो. मराठी उमेदवार इंग्लंडच्या उमेदवारासारखा उभाच राहतो. म्हणींत तर शब्द जुळविण्याचा हट्ट सोडूनच द्यावा. सशाबरोबर धांवणें व शिकारी कुत्र्यांबरोबर शिकारही करणें अशी इंग्रजी म्हण आहे; तिच्या जागीं आपल्याकडे ‘दोन्हीं डगरींवर हात’ हा वाक्प्रचार उभा आहे. उलट ‘सरड्याची धांव कुंपणापर्यंत’ या आपल्या म्हणीच्या भाषांतरांत ‘रन’ शब्द घालून कोणाही इंग्रजास तिचें मर्म कळणार नाहीं.

इतकें वाचून एखाद्या विद्यार्थ्यास वाटेल कीं, इंग्रजी भाषा मोठी संपन्न व आपली मराठी दरिद्री. तसें वाटूं देऊं नये. आपलें ‘लागणें’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेंच लागते, झोंप लागते, नोकरी लागते. वेळ लागतो, दिवा लागतो, नाद लागतो. आंबा गोड लागतो, झाडाला फळें लागतात, अमुक मनुष्य आपला मामा लागतो आणि मूल रडूं लागतें. यांतील जवळ जवळ प्रत्येक वाक्यास इंग्रजींत निराळें क्रियापद शोधावें लागेल. आणि पाहा, हें वाक्य लिहितांनाही ‘लागेल’ आलेंच! जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानें जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साह्यानें सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, व १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत तो सुमारें ६०,००० शब्दांपर्यंत वाढला. मोल्सवर्थनेंच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीनें पुरा करून १८४७ सालीं बाहेर काढिला. ‘रन’पुढें आपण जसे गोंधळतों तसे ते परके लोक आपल्या ‘लागणें’, ‘काढणें’, ‘मारणें’ यांपुढें गोंधळले असतील. पण ते कंटाळले नाहींत. एकेका क्रियापदाचे प्रयोग वेगवेगळे करून त्यांनीं मांडून ठेविले. आमच्या विद्यार्थ्यांनीं तीच चिकाटी उलट दिशेनें दाखवावी.

त्यासाठीं एक सोपा मार्ग सुचवितों. वहीचे दोन रकाने करावे. डावीकडे ‘रन’ असलेलें संपूर्ण इंग्रजी वाक्य लिहावें, सुटा शब्द लिहूं नये. मग तीन प्रश्न विचारावे: कर्ता कोण? कर्म आहे काय? शेजारीं कोणता लहान शब्द बसला आहे? उत्तरें मिळाल्यावर उजवीकडे मराठी वाक्य लिहावें व तें मोठ्यानें वाचावें. रोज दोन वाक्यें लिहिलीं तरी वर्षअखेर सातशेंहून अधिक होतील.

कित्येक पालकांस इंग्रजी येत नाहीं, व म्हणून मुलाच्या या अभ्यासांत आपला कांहीं उपयोग नाहीं असें त्यांस वाटतें. ही समजूत बरोबर नाहीं. उजव्या रकान्याचे परीक्षक तेच होत. ‘माझें नाक धांवत आहे’ असें मुलानें वाचलें तर इंग्रजीचा गंधही नसलेली आई हंसेल, आणि तें हंसणें हीच योग्य दुरुस्ती होय. मुलाचें मराठी जितकें सकस, तितकी त्याची इंग्रजीची समज पक्की. आणि सकस मराठी घरांतच मिळतें.

शेवटीं अभ्यासासाठीं पांच वाक्यें देतों. यांत ‘धांवणें’ कोठेंही नाहीं. तथापि प्रत्येकाच्या इंग्रजी भाषांतरांत ‘रन’ येऊं शकतें.

१. नळ रात्रभर चालूं राहिला.
२. वाण्याकडे आमची उधारी फार वाढली आहे.
३. काल बाजारांत आमचे जुने शिक्षक अचानक भेटले.
४. हा रस्ता स्टेशनापासून तळ्यापर्यंत जातो.
५. गाणें त्यांच्या घराण्यांतच आहे.

भाषांतर करून वर्गांत दाखवावें, व घरीं पालकांस ही मूळ वाक्यें वाचून दाखवून त्यांतील प्रत्येक क्रियापद आणखी कोठें कोठें वापरतात हें विचारावें.