खड्ड्यातली खटखट

प्रश्न : इलेक्ट्रिक कार खड्ड्यातून जाताना पुढून ‘खटखट’ आवाज येतो. शॉकअप बदलावेत का?

उत्तर : शॉकअप बदलण्याची घाई नको. इंजिनाचा आवाज नसल्याने इलेक्ट्रिक कारमध्ये बारीक खटखटही ऐकू येते. शिवाय बॅटरीच्या वजनाने सस्पेन्शनच्या रबरी बुश आणि जोडांवर ताण जास्त पडतो. खडबडीत रस्त्यावर कमी वेगात खटखट होत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंकवर घ्यावा. हा भाग तुलनेने स्वस्त असतो. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यावर करकर झाली, तर स्ट्रटच्या वरचे माउंट व बेअरिंग तपासावे. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच एकदाच ‘ठक्’ होत असेल, तर दोष बहुधा ड्राइव्ह शाफ्ट किंवा मोटरच्या माउंटमध्ये असतो, सस्पेन्शनमध्ये नाही. हा फरक न कळल्याने अनेकदा चांगले शॉकअप बदलले जातात.

तपासणीसाठी गाडी ठरवून दिलेल्या जागीच जॅकवर घ्यावी, बॅटरीखाली कधीच नाही. स्टँड लावून चाक वर-खाली हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. बुश बदलल्यास त्याचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते. सस्पेन्शनचा आर्म किंवा स्ट्रट काढला असल्यास चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.