धूर वरून खाली भरतो

२ जून १९८३ रोजी संध्याकाळी एअर कॅनडा कंपनीचे डीसी-९ जातीचे एक विमान अमेरिकेतील डॅलसहून कॅनडातील टोरांटोकडे चालले होते. विमानात ४१ उतारू व ५ कर्मचारी होते. जमिनीपासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर असताना मागच्या स्वच्छतागृहाकडून चमत्कारिक वास येऊ लागला आणि पाठोपाठ धूर दिसू लागला. आग भिंतीमागच्या पोकळीत कोठेतरी धुमसत होती. ती दिसत नव्हती, त्यामुळे विझवताही येत नव्हती. उतारूंना पुढच्या आसनांवर हलवण्यात आले, तोंडावर धरण्यासाठी ओले टॉवेल वाटण्यात आले आणि वैमानिकांनी सुमारे वीस मिनिटांत विमान सिनसिनाटी शहराच्या विमानतळावर उतरवले. विमान थांबले, दरवाजे उघडले. अग्निशामक बंबही सज्ज होते. तरीही ४६ पैकी २३ जणच बाहेर पडू शकले. दरवाजे उघडल्यापासून ६० ते ९० सेकंदांत आतला सारा भाग एकदम पेटला.

विमान धडपणे उतरले, दरवाजेही उघडले, मग निम्मी माणसे आत का राहिली? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. आपण ते क्रमाने शोधू.

आधी एक शंका दूर करू. वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतो, “सर, हवेतच दार उघडून धूर बाहेर का सोडत नाहीत?” समजा, विमान १० किलोमीटर उंचीवर आहे. तेथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या जेमतेम पावपट असतो. आत मात्र माणसांना श्वास घेता यावा म्हणून तो सुमारे पाऊणपट ठेवलेला असतो. म्हणजे फरक अर्ध्या वातावरणाचा, दर चौरस मीटरला सुमारे ५०,००० न्यूटन. दाराचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरले, तर त्यावर आतून ९०,००० न्यूटन बल पडते. नऊ टन वजनाची वस्तू दाराला टेकवून ठेवल्यासारखेच हे झाले! अनेक विमानांची दारे उघडताना आधी थोडी आत ओढावी लागतात, आणि एवढ्या बलाविरुद्ध ती कोणालाही ओढता येणार नाहीत. म्हणून विमान खाली आणून आतला व बाहेरचा दाब सारखा होईपर्यंत धूर आतच राहतो.

हा धूर आत कसा पसरतो? कौलारू घरात चूल पेटलेली असताना स्वयंपाकघरात गेलेल्यांना हे ठाऊक असेल. उभे राहिले की डोळे चुरचुरतात, पाटावर बसले की बरे वाटते. दाब कायम असेल तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअसला म्हणजे ३०० केल्व्हिनला, आणि धूर ३०० अंश सेल्सिअसला म्हणजे ५७३ केल्व्हिनला आहे असे समजा. ३०० भागिले ५७३, म्हणजे धुराची घनता हवेच्या जवळजवळ निम्मी. असा हलका धूर छताला जाऊन चिकटतो, छताखालून विमानाच्या लांबीभर पसरतो आणि मग त्याचा थर जाड होत होत खाली येऊ लागतो.

शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा असा एक सोपा प्रयोग आहे. एका ताटलीत कमीजास्त उंचीच्या तीन मेणबत्त्या उभ्या करून पेटवा आणि त्यांवर काचेची मोठी बरणी उपडी घाला. कोणती मेणबत्ती आधी विझेल? बहुतेक विद्यार्थी सर्वांत बुटकी असे सांगतात, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे त्यांनी पाठ केलेले असते. प्रत्यक्षात सर्वांत उंच मेणबत्ती आधी विझते. ज्वलनातून निघालेले वायू तापलेले असल्यामुळे वर जातात, आणि ऑक्सिजन कमी झालेला हा थर वरून खाली येतो. विमानातल्या उभ्या माणसाचे डोके त्या उंच मेणबत्तीच्या जागी असते. धुरात वाकून किंवा रांगत जा असे जे सांगतात, त्याचे कारण हेच.

आता प्रकाशाकडे वळू. समजा, धूर असा दाट आहे की त्याच्या एक मीटर जाडीतून निम्माच प्रकाश पार होतो. दोन मीटरमधून पाव, तीन मीटरमधून एक अष्टमांश, आणि दहा मीटरमधून १०२४ वा भाग! दहा मीटरवरच्या दरवाजाचा दिवा अशा वेळी असून नसल्यासारखा. त्यातून त्या काळी संकटकाळाचे दिवे छताजवळ किंवा दाराच्या वर असत, म्हणजे नेमके सर्वांत दाट धुरात. दिवे अधिक प्रखर करूनही विशेष उपयोग नाही. धुके पडलेले असताना मोटारीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंतच उभी राहते, तसे होते. अमेरिकेत १९८४ मध्ये नियम झाला की दरवाजाची वाट दाखवणारे दिवे किंवा खुणा जमिनीलगतही हव्यात. तुम्ही कधी विमानात बसलात तर मधल्या वाटेच्या कडेने प्रकाशाच्या खुणांची ओळ जाताना दिसेल. शक्य झाल्यास आपल्या आसनापासून जवळच्या दरवाजापर्यंत किती रांगा आहेत तेही मोजून ठेवा. काही दिसेनासे झाले तरी हाताने आसनांच्या पाठी मोजता येतात.

धुराचा खरा घातकपणा मात्र त्यातील वायूंत आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहूनही अधिक आसक्तीने जखडला जातो. आसनांतील फोम, लोकर, नायलॉन अशा नायट्रोजनयुक्त पदार्थांच्या जळण्यातून हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. ओल्या फडक्यात काजळीचे कण अडकतात आणि पाण्यात विरघळणारे काही वायू थोडेफार शोषले जातात. पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, तो सरळ आत शिरतो. छतातून लोंबणारे ऑक्सिजनचे मुखवटेही येथे कामाचे नाहीत. त्यांत आतलीच हवा मिसळत असल्यामुळे धूरही नाकात जातो, शिवाय आगीला ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच.

मग तो शेवटचा भडका कसला? बंदिस्त जागेत ऑक्सिजन अपुरा पडतो, म्हणून छताखालच्या धुरात न जळलेले ज्वलनशील वायू साठत जातात. दरवाजे उघडताच ताजी हवा आत येते. माणसांना जीवदान देणारी हीच हवा आगीलाही मिळते. छताखालचा थर तापतो व खाली उष्णता प्रारित करू लागतो. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. ३०० अंश सेल्सिअसवरून ६०० अंशांवर गेल्यास ते दुप्पट नव्हे, तर पाचपटीहून अधिक होते, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३३ किलोवॉट. भर दुपारचे ऊन एक किलोवॉटच्या आसपास असते. त्याच्या तीसपट उष्णता अंगावर आल्यावर आसने, गालिचे, भिंती सारे जवळपास एकाच क्षणी पेट घेतात. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. सिनसिनाटीला नेमके हेच झाले. आग मुळात कशाने लागली, ते चौकशी करणाऱ्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. पण स्वच्छतागृहात धूरसूचक बसवणे, आसनांच्या फोमवर उशिरा पेटणारे आवरण घालणे हे नियम त्यानंतरच्या काळात आले.

नवे विमान प्रवासासाठी संमत करण्यापूर्वी ते भरलेले असताना, अंधारात व निम्मे दरवाजे बंद ठेवून, ९० सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. २००६ मध्ये जर्मनीत हँबुर्ग येथे एअरबस ए-३८० या प्रचंड विमानातून ८७३ माणसे आठ दरवाजांनी ७८ सेकंदांत बाहेर पडली. भागाकार करून पाहा. प्रत्येक दरवाजातून दर ०.७ सेकंदाला एक माणूस! आता प्रत्येकाने पिशवी सांभाळण्यात फक्त एक सेकंद जास्त घेतला असे समजा. ९० सेकंदांत एका दरवाजातून १२८ माणसे जाणार होती, तेथे ५२ च जातील.

खऱ्या संकटात माणसे अशी ओळीने वागत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर उड्डाणापूर्वीच बोइंग ७३७ विमानाला आग लागली. १३७ पैकी ५५ जण दगावले, त्यांतील बहुतेक धुराने. पुढच्या दरवाजापाशी दोन आडभिंतींमधील वाट अरुंद होती, तेथे कोंडी झाली. नंतर इंग्लंडमध्येच क्रॅनफील्ड येथे प्रयोग झाले. आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड बक्षीस ठेवताच स्वयंसेवक अरुंद वाटेत एकमेकांत अडकू लागले. अरुंद गळ्याच्या बरणीतून शेंगदाणे ओतताना होते तसेच हे. हळूहळू ओतले तर पडतात, एकदम उपडी केली तर अडतात.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती आणि आठपैकी तीनच दरवाजे वापरता येण्याजोगे होते. वरचा दर धरला तर ३७९ माणसांना तीन दरवाजांतून जायला ९० सेकंद पुरतात. प्रत्यक्षात विमान उतरल्यापासून कप्तान शेवटी बाहेर पडेपर्यंत सुमारे १८ मिनिटे गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, म्हणून कर्मचारी कर्ण्यातून ओरडून सांगत होते. खिडकीतून आग पाहून कोणते दार उघडायचे ते ठरवावे लागत होते. पुढचे चाक मोडल्याने विमान नाकावर झुकले होते आणि मागची घसरगुंडी फार उभी झाली होती. आत धूर भरत होता, पण सिनसिनाटीसारखा भडका त्या अवधीत उडाला नाही. उशिरा पेटणारे अंतर्गत साहित्य आणि आगीला बराच वेळ बाहेर अडवून धरणारे धड यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. उतारूंनी सामान मागे सोडले आणि सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर आले. नंतर ते विमान कित्येक तास जळत राहिले.