परगावी साबण-तेल : दोह्यापुरते चार शब्द

कतारला मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बॅगेत अर्धी जागा साबण, दंतमंजन आणि खोबरेल तेल यांनीच अडवलेली असते. बाटली वाटेत फुटली तर साड्यांचे काय होते ते सांगायला नको! वाचकहो, हा भार वाहण्याची गरज नाही. कतारमधील परदेशी रहिवाशांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. केरळच्या युसुफ अली यांच्या लुलू दुकानांत आपल्या ओळखीचे साबण, तेल, मंजन सर्व मिळते, आणि पुष्कळदा हिंदीवर भागते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मात्र दुकाने बंद असतात. टमरेलही नेऊ नये. संडासात पाण्याची नळी असते.

पण समोरचा माणूस अरबीच बोलणारा निघाला तर? घाबरू नये. लागणारे शब्द बहुतेक आपल्या तोंडात आहेतच. आपला साबण, हिब्रूतला सबोन आणि अरबीतला साबून ही एकाच घरची भावंडे. मूळ लॅटिन 'सापो'. अत्तराला तिथे 'इत्र' म्हणतात. दात म्हणजे 'अस्नान', आपल्या हिब्रू 'शिनायिम'चे सख्खे भाऊबंद. टूथपेस्टला म्हणतात 'मअजून अस्नान'. मअजून म्हणजे मळलेला लगदा. मराठीतली भांगेची माजूम तीच!

खोबरेल तेलाची गंमत अधिक. तेल म्हणजे 'झैत' (हिब्रूतला 'झायित' म्हणजे ऑलिव्ह आठवा) आणि नारळ म्हणजे 'जौझ अल-हिंद', हिंदुस्थानचे अक्रोड. कोकणच्या माणसाने हा शब्द विसरता कामा नये. दाढी करायची असेल तर 'हल्लाक' विचारावा, 'हजाम' नव्हे. अरबीत 'हज्जाम' म्हणजे तुंबड्या लावणारा. दाढीला गेलेला माणूस तुंबड्या लावून परत यायचा! सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मिसवाक मिळतो, पिलूच्या झाडाची दातवणाची काडी. दात बरे असतील त्यांनी जरूर घ्यावी.

विमानात हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, आणि थिजलेले खोबरेलही त्यातच धरतात. दोह्याला विमान बदलतानाही पुन्हा तपासणी होते.

औषधांची गोष्ट वेगळी. ती घरूनच न्यावीत, पण मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी आपल्याला साधी वाटते. तिथे तिच्यावर कडक निर्बंध आहेत. दुसऱ्याने दिलेल्या पुडीचा धोका तर याहून मोठा. 2019 साली मुंबईचे एक जोडपे दोह्याच्या विमानतळावर पकडले गेले. नातेवाईकाने दिलेल्या पाकिटात चरस निघाले होते. दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून ती परतली 2021 साली. तेव्हा शेजारीण "एवढे माझ्या लेकाला द्या" म्हणाली, तर पुडी तिच्यासमोरच उघडून पाहावी, मग आत पापड का असेनात. राग आला तर येऊ द्यावा.