प्राथमिक निवड झाली, पुढे काय?

रोजगार मेळावा संपला की आकडे जाहीर होतात: इतक्या कंपन्या आल्या, इतकी रिक्त पदे होती, इतक्या उमेदवारांची प्राथमिक निवड झाली. पालकांनो, या ‘प्राथमिक निवडी’पाशी थोडं थांबा. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी, कदाचित आणखी एक मुलाखत, नियुक्तीपत्र, रुजू होणं आणि टिकणं बाकी असतं. मुलगा चाकणला गेला, तर खोलीभाडं आणि मेसचे पैसे जाऊन हातात किती उरले? सहा महिन्यांनी तो तिथेच आहे का? हे तोच सांगू शकतो. म्हणून रोजगार सेवेचं मोल ठरवायचं, तर उमेदवारांना विचारावंच लागतं.

सरकारी रोजगार सेवा १९४५ मध्ये महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली. १९५९च्या कायद्याने आस्थापनांना रिक्त पदं रोजगार विनिमय केंद्राला (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला) कळवणं बंधनकारक केलं, पण भरती तिथूनच करण्याचं बंधन घातलं नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीसाठी जाहिरातही द्यावी, असं सांगितलं. एम्प्लॉयमेंटच्या कार्डावर कॉल येईल ही आशा अनेक घरांत अजून आहे; आता तेवढ्यावर बसून राहू नका. ‘महास्वयंम’ किंवा २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी जरूर करा, शोधही चालू ठेवा.

नोंदणीचा आकडा म्हणजे बेरोजगारांचा आकडा नव्हे. नोकरीत असलेले, शिकत असलेलेही नाव नोंदवून ठेवतात आणि कित्येक बेरोजगार तिकडे फिरकतही नाहीत. देशातल्या बेरोजगारीचं प्रमाण २०१७ पासून घरोघरच्या श्रमबल सर्वेक्षणातून मिळतं. पण जिल्हा रोजगार केंद्रातल्या समुपदेशनाचा तुमच्या मुलीला उपयोग झाला का, हे ठरवायला ते पुरत नाही. त्यासाठी केंद्रात गेलेल्यांनाच गाठलं पाहिजे.

इथेच खरी मेहनत आहे. नोकरी लागलेला उमेदवार फोन उचलतो आणि आनंदाने बोलतो. निराश झालेल्याचा नंबर बदललेला असतो. उत्तरं मिळाली तेवढ्यांचीच टक्केवारी काढली, तर सेवा आहे त्याहून चांगली दिसेल. शिवाय नोकरी केंद्रामुळे लागली, की ओळखीतून लागलीच असती? त्याच शिक्षणाच्या, त्याच तालुक्यातल्या, पण केंद्रात न गेलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय हे कळत नाही.

अशा पाहणीचा फोन आला, तर तो मुलाच्या हाती द्या. ‘स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय’ असं अब्रूखातर सांगण्याचा मोह मला समजतो. पण दोन वर्षं काम शोधूनही मिळालं नसेल, तर तेच सांगू द्या. रात्रपाळीनंतर बस नाही म्हणून मुलीने नोकरी नाकारली असेल, तर तेही नोंदवलं जाऊ द्या. बस कोणत्या वेळी हवी, हे यंत्रणेला तिथूनच कळेल. मात्र ओटीपी किंवा पैसे मागितले, तर फोन लगेच ठेवा.

पुढच्या मेळाव्याआधी केंद्रात जाऊन विचारा: गेल्या वेळी निवडलेल्यांपैकी किती रुजू झाले, आज किती टिकून आहेत, हातात पगार किती पडतो? केंद्राकडे उत्तर नसेल, तर आयटीआयच्या मागच्या बॅचमधल्या, त्याच कंपनीत गेलेल्या मुलांना गाठा आणि सोडून आलेल्यांशी आधी बोला.